खाली घेतलेली गाडी आणि चाकांचा हिशेब

अमरावती जिल्ह्यातल्या वरूड-मोर्शीच्या पट्ट्यात संत्र्याच्या बागा चांगल्या भावाने उठल्या, की त्या वर्षीची सुबत्ता सर्वांत आधी रस्त्यावर दिसू लागते. कोणाच्या दारात नवा ट्रॅक्टर येतो, कोणाच्या दारात पांढरी मोटारगाडी, आणि ज्यांच्या घरी गाडी आधीपासून आहे त्यांची मुले तिच्या रूपाकडे वळतात. मागच्या काचेवर आराध्यदैवताचे नाव लिहून घेणे आता जुने झाले. आता मुले गाडी ‘बसवतात’. कंपनीच्या स्प्रिंगा काढून आखूड आणि कडक स्प्रिंगा टाकतात, गाडी तीस-चाळीस मिलिमीटर खाली उतरते, टायर आणि मडगार्ड यांच्यातली रिकामी फट मिटते, आणि मग ध्यानात येते की मूळची चाके फारच आत गेलेली आणि किरकोळ दिसू लागली आहेत. तिथून मोठ्या मॅगव्हीलचा, म्हणजे मिश्रधातूच्या शोभिवंत चाकांचा, शोध सुरू होतो.

माझ्या पुतण्याचा शोधही असाच सुरू झाला. तालुक्याच्या आय.टी.आय.मध्ये मी मोटर मेकॅनिकचा ट्रेड शिकवतो, त्यामुळे नात्यातल्या प्रत्येक गाडीचा आजार माझ्या अंगणात येऊन उभा राहतो. तो स्विफ्ट घेऊन आला आणि म्हणाला, “काकाजी, गाडी तं बसोली, आता सतराचे मॅगव्हील टाकाचे हायेत. कोनते टाकू सांगा.” कोणते टाकू हा प्रश्न त्याने मला विचारला खरा, पण त्याच्या मोबाइलमध्ये सतरा इंची चाकाचा फोटो आधीच तयार होता.

मला ही हौस वाईट वाटत नाही. गाडीचा गुरुत्वमध्य खाली आला तर ती वळणावर कमी झुकते, हे खरे आहे, आणि मडगार्डाखाली नीट भरलेले चाक डोळ्यांना बरे दिसते, हेही खरे. माझी हरकत क्रमाला आहे. मुले आधी चाकाचा फोटो पसंत करतात, मग त्यावर बसेल तो टायर शोधतात, मग ते गाडीत मावते का हे पाहतात, आणि आपण राहतो त्या रस्त्याचा विचार सर्वांत शेवटी, बहुधा पहिल्या पावसाळ्यात, करतात. खाली घेतलेल्या गाडीसाठी हा क्रम पुरता उलटा धरावा लागतो. आधी रस्ता पाहावा, त्यावरून टायर ठरवावा, आणि टायर ठरला की त्याला शोभेल आणि सोसेल असे चाक घ्यावे.

म्हणून मी त्याच्याशी आधी रस्त्याविषयी बोललो. आमच्या गावाला जोडणारा रस्ता प्रधानमंत्री ग्रामसडक योजनेच्या मापाचा आहे. या योजनेत डांबरी पट्टा पावणेचार मीटर रुंद धरतात. रहदारी फारच कमी असेल तिथे तीन मीटरही चालतो. स्विफ्टची रुंदी १,७३५ मिलिमीटर आणि एस.टी.च्या बसची अडीच मीटरच्या आसपास. दोन्ही मिळून सव्वाचार मीटरच्या घरात जाते, आणि मध्ये सोडायचे अंतर यात धरलेलेच नाही. म्हणजे समोरून बस आली की डावी चाके डांबराखाली उतरवल्याशिवाय गत्यंतर नसते, आणि ती कोणी उतरवायची याविषयी बसच्या चालकाच्या मनात कधीच संदेह नसतो. कडेचा मुरूम पावसाने वाहून गेला असेल तर डांबराची कड चार-सहा बोटे उघडी पडलेली असते. उतरताना तिच्यावर टायरची भिंत घासते आणि परत वर चढताना रिमची आतली कड आपटते. आमच्याकडे वाकडी झालेली बहुतेक रिमे खड्ड्यात गेलेली नसतात. ती या कडेने खाल्लेली असतात.

त्यात आमची जमीन काळी. कापसाची काळी माती पाणी पिऊन फुगते आणि उन्हाळ्यात आकसून भेगाळते. तिच्यावर केलेला रस्ता पहिल्या वर्षी सपाट असतो आणि पुढे लहरी होत जातो. अशा लहरींवर गाडी सावकाश पण खोल डोलते, आणि प्रत्येक डोलण्यात चाक मडगार्डाच्या आत शिरते. खड्डा निदान दिसतो आणि वाचवता येतो. लहर दिसत नाही, आणि खाली घेतलेल्या गाडीची खरी परीक्षा तीच घेते, कारण आखूड स्प्रिंगांमुळे चाकाला वर सरकण्यासाठी उरलेला प्रवास आधीच कमी झालेला असतो. त्याच आमच्या जिल्ह्यातून अकोल्याकडे जाणाऱ्या महामार्गावर जून २०२२ मध्ये ७५ किलोमीटर डांबरी थर १०५ तास ३३ मिनिटांत सलग टाकला गेला आणि त्याची गिनीज बुकात नोंद झाली. समृद्धी महामार्गावर मोटारींना ताशी १२० किलोमीटरची मुभा आहे. पुतण्याच्या मनातली गाडी त्या रस्त्यांवर धावत असते. प्रत्यक्षातल्या गाडीला तिथवर पोचण्यासाठी पांदणीच्या तोंडाशी असलेला रपटा, म्हणजे ओढ्यावरचा ठेंगणा पूल, आणि शाळेपुढचा ब्रेकर ओलांडावा लागतो.

ब्रेकरविषयी थोडे सविस्तर सांगायला हवे, कारण गाडी किती खाली घेता येईल हे आमच्याकडे तोच ठरवतो. इंडियन रोड्स काँग्रेसच्या शिफारशीप्रमाणे गोल माथ्याचा गतिरोधक १० सेंटीमीटर उंच, ३.७ मीटर लांब आणि १७ मीटर त्रिज्येचा असावा. स्विफ्टच्या पुढच्या आणि मागच्या चाकांच्या केंद्रांत २,४५० मिलिमीटर अंतर असते. असा गतिरोधक पोटाखाली आला असताना चारही चाके त्याच्याच उतारांवर असतात, आणि भूमितीने हिशेब मांडला तर गाडीच्या पोटाला जेमतेम साडेचार सेंटीमीटर जागा लागते. नियमाने बांधलेल्या गतिरोधकावरून खाली घेतलेली गाडीही सुखरूप जाते ती यामुळे. गावातला ब्रेकर मात्र लोकवर्गणीतून, एखाद्या अपघातानंतरच्या संतापात बांधलेला असतो. तो हातभर रुंद आणि चांगला पंधरा सेंटीमीटर उंच असतो. तो पोटाखाली आला तेव्हा चारही चाके सपाट रस्त्यावर आलेली असतात, म्हणून त्याची उंची पूर्णच्या पूर्ण लागते. स्विफ्टच्या पोटाचे जमिनीपासूनचे अंतर मुळात १६३ मिलिमीटर. त्यातले ३५ स्प्रिंगांनी खाल्ले की उरले १२८, आणि ते रिकाम्या गाडीचे. मागे तीन माणसे आणि डिकीत संत्र्यांच्या दोन पेट्या ठेवल्या की यातूनही बरेच वजा होते. ब्रेकर तिरपा घेऊन एकेक चाक चढवण्याची युक्ती सर्वांना ठाऊक आहे, पण समोरून ट्रॅक्टर येत असताना ती करता येत नाही, आणि इंजिनखालचे तेलाचे भांडे, म्हणजे चेंबर, फुटले की इंजिनचे ऑइल रस्त्यावर जाते.

आता टायर. त्याच्या भिंतीवर छापलेल्या मापात सगळा हिशेब असतो. पुतण्याच्या स्विफ्टचे मूळ माप १८५/६५ आर १५, म्हणजे टायरची रुंदी १८५ मिलिमीटर, भिंतीची उंची रुंदीच्या ६५ टक्के म्हणजे १२० मिलिमीटर, आणि रिमचा व्यास १५ इंच, म्हणजे ३८१ मिलिमीटर. दोन्ही बाजूंच्या भिंती मिळवल्या की पूर्ण टायरचा व्यास सुमारे ६२१ होतो. कंपनीने त्याच गाडीच्या साध्या प्रकाराला १६५/८० आर १४ दिले, त्याचा व्यास ६२० भरतो. रिम बदलले, रुंदी बदलली, पण बाहेरचा व्यास कंपनीने हलू दिला नाही, आणि आपणही तो हलू देऊ नये. १९५/५५ आर १६ घेतला तर व्यास पुन्हा ६२१ येतो. २०५/४५ आर १७ चा ६१६ येतो, तोही चालण्यासारखा. पुतण्याला कोणीतरी १९५/५० आर १६ सुचवला होता, कारण तो स्वस्तात मिळत होता आणि मडगार्डात घासणार नाही अशी हमी होती. त्याचा व्यास ६०१. तो घासणार नाही हे खरे, पण व्यास वीस मिलिमीटरने घटला म्हणजे अख्खी गाडी आणखी दहा मिलिमीटर खाली आली, आणि वेगाचा काटा तीन टक्क्यांनी जास्त दाखवू लागला. मैलमापकात धावलेले किलोमीटरही वाढून दिसतील, म्हणजे पुढे गाडी विकायला काढली तर न धावलेल्या अंतराची किंमत आपणच द्यायची.

सतरा इंचाचे रिम मापात बसते हे पाहून पुतण्या खूश झाला. पण व्यास तोच ठेवून रिम वाढवले की वाढलेली जागा टायरच्या भिंतीतूनच वजा होते. पंधराच्या टायरची भिंत १२० मिलिमीटर, सोळाच्या टायरची १०७, सतराच्या टायरची ९२. त्या कातरलेल्या डांबराच्या कडेवर चाक चढते तेव्हा रबराची भिंत दबते आणि कड रिमपर्यंत पोचू देत नाही. भिंत जितकी आखूड, तितकी ती लवकर पूर्ण दबून रिम आणि दगड यांच्यात चिमटली जाते. आतले धागे तुटतात आणि चार दिवसांनी टायरला फुगा येतो. फुगा आलेला टायर दुरुस्त होत नाही, तो फेकावाच लागतो. याहून दुर्लक्षित राहणारी गोष्ट म्हणजे भार पेलण्याची क्षमता. मापानंतर ८८ एच असे जे छापलेले असते, त्यातला ८८ हा आकडा एका टायरने ५६० किलो पेलावे असे सांगतो आणि एच हे अक्षर ताशी २१० किलोमीटरचा वेग. २०५/४५ आर १७ च्या साध्या टायरवर ८४ असतो, म्हणजे ५०० किलो. टायर मोठा आणि रुंद दिसतो, पण चाकामागे साठ किलोने कमी वजन उचलतो. याच मापात जास्त भाराचे, ८८ चेही टायर मिळतात, पण ते मुद्दाम मागावे लागतात आणि त्यांत हवाही त्या मानाने जास्त ठेवावी लागते. लग्नाला पाच जण कोंबून जाणाऱ्या गाडीला हा फरक जाणवल्याशिवाय राहत नाही. १९५/५५ आर १६ वर ८७ असतो, ५४५ किलो. मूळ मापाच्या तो बराच जवळ आहे. त्यामुळे माझा कौल सोळाकडे गेला, आणि पुतण्याचा चेहरा उतरला.

टायर ठरल्यावर चाकाची रुंदी जवळजवळ आपोआप ठरते. १९५/५५ आर १६ हा टायर साडेपाच ते सात इंच रुंदीच्या रिमवर चढवता येतो आणि सहा इंचांवर तो आपल्या मूळ आकारात बसतो. काही मुले याहून फार रुंद रिमवर अरुंद टायर ताणून चढवतात. टायरची भिंत तिरपी होते, मडगार्डाच्या कडेपासून दूर जाते, आणि गाडी फोटोत झोकदार दिसते. टायरची कड रिमच्या खोबणीत हवेच्या दाबाने धरलेली असते. ताणलेल्या टायरला बाजूने हिसका बसला की ती सुटू शकते, आणि बाजूने हिसका देण्याचे काम आमच्या रस्त्याची कड दिवसातून अनेकदा करते. याविषयी मी पुतण्याशी वाद घातलाच नाही. हे करायचे नाही, एवढे सांगितले.

दुकानात सर्वांत कमी बोलले जाते ते ऑफसेटविषयी, आणि खाली घेतलेल्या गाडीत सर्वाधिक घोळ तिथेच होतात. चाकाच्या रुंदीचा बरोबर मध्य आणि चाक हबला, म्हणजे ज्यावर ते नटांनी आवळतात त्या मधल्या भागाला, जिथे टेकते ती पाठ, या दोहोंतले अंतर म्हणजे ऑफसेट. चाकाच्या पाठीवर ते ईटी आणि पुढे मिलिमीटरचा आकडा असे कोरलेले असते. आकडा मोठा असेल तर चाक गाडीच्या आत जास्त शिरते, लहान असेल तर बाहेर येते. समजा मूळ चाक साडेपाच इंच रुंद आणि ईटी ४५ चे आहे. फोटोतले चाक सात इंच रुंद आणि ईटी ३५ चे होते. रुंदीचा अर्धा भाग घेऊन ऑफसेट वजा केला तर बाहेरची कड हबच्या पाठीपासून किती बाहेर येते ते कळते: मूळ चाकाची सुमारे २५ मिलिमीटर, नव्याची ५४. म्हणजे चाक २९ मिलिमीटर बाहेर आले. अर्ध्या रुंदीत ऑफसेट मिळवला तर आतली बाजू कळते: मूळची ११५, नव्याची १२४. म्हणजे तेच चाक शॉकअपच्या दिशेनेही नऊ मिलिमीटर सरकले. बाहेर आलेले चाक मडगार्डाच्या कडेला घासते. शिवाय चाकाचा मध्य स्टिअरिंगच्या वळणाच्या रेषेपासून दूर गेल्याने प्रत्येक खड्ड्याचा धक्का स्टिअरिंगमधून हातात येतो आणि बेअरिंगवरचा ताण वाढतो. त्याऐवजी सहा इंच रुंद आणि ईटी ४५ चे चाक घेतले तर ते बाहेर आणि आत प्रत्येकी सहा-साडेसहा मिलिमीटरच वाढते. फोटोत हा फरक दिसायचासुद्धा नाही, पण टायर मडगार्डाखाली भरल्यासारखा दिसायला तेवढा पुरतो.

कागदावरचा हिशेब उभ्या गाडीचा असतो. घासणे होते ते पूर्ण वळलेल्या आणि पूर्ण दबलेल्या चाकाचे. जुन्या काळी गावातले सुतार आणि लोहार बैलगाडीच्या लाकडी चाकावर लोखंडी धाव चढवत, तेव्हा गोवऱ्यांच्या जाळात ती तापवण्याआधी चाकाच्या परिघाचे माप पुन्हा पुन्हा घेत, कारण एकदा धाव चढून तिच्यावर पाणी पडले की मापात फेरफार करायला वाव राहत नाही. मोटारीच्या चाकाचेही तसेच आहे. टायर चढवून, बॅलन्सिंग करून, पैसे मोजून झाल्यावर दुकानदार चाक सहसा परत घेत नाही. अमरावतीच्या एका दुकानदाराने अनामत ठेवून दोन नमुन्यांची दोन चाके टायरसह पाहायला दिली, आणि ती आम्ही आय.टी.आय.च्या वर्कशॉपमध्ये चढवून पाहिली.

पद्धत साधी आहे. वावरातली काळी माती चाळून, भिजवून, पोळीच्या कणकेइतकी मऊ मळून घेतली. तिचे अंगठ्याएवढे जाड गोळे मडगार्डाच्या आतल्या कडेला, प्लॅस्टिकच्या लायनरला आणि आत शॉकअपच्या नळीवर जिथे टायर जवळ येतो तिथे दाबून चिकटवले. मग डिकीत आणि मागच्या सीटवर सिमेंटची पोती ठेवून गाडी लादली, पुढचे डावे आणि मागचे उजवे चाक एकाच वेळी लाकडी ओंडक्यांवर चढवले, म्हणजे ती दोन चाके आत दबली, आणि स्टिअरिंग एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत सावकाश फिरवले. नंतर ओंडक्यांची बाजू बदलून हेच पुन्हा केले. गाडी खाली उतरवून गोळे तपासले तेव्हा सात इंची चाकाने मागच्या मडगार्डाच्या कडेवरची माती पार पुसून नेली होती, आणि उघड्या पडलेल्या पत्र्यावर टायरच्या अक्षरांचा काळा ठसा उमटला होता. सहा इंची चाकाच्या गोळ्यावर टायरच्या खांद्याच्या नक्षीचा सुबक छाप होता. त्या छापाखाली उरलेल्या मातीची जाडी व्हर्नियरने मोजली तर मागे नऊ मिलिमीटर आणि पुढे लायनरजवळ सहा भरली. धावता टायर वळणावर लवतो, पावसाळ्यात लायनरला चिखल बसतो, म्हणून पाच मिलिमीटरच्या आत मी कधी येऊ देत नाही. पुतण्या मातीचा तो गोळा हातात घेऊन बराच वेळ पाहत राहिला. माझ्या आकड्यांनी जे पटले नव्हते ते त्याला तिथे पटले असावे, कारण सतराचा विषय त्यानंतर निघाला नाही. मडगार्डाची कड आतून दुमडून जागा करता येते, तसे करणारे कारागीर आहेतही. पण दुमडताना रंगाला बारीक तडे जातात, आणि आमच्या पावसाळ्यात त्या तड्यांतून गंज किती लवकर शिरतो हे दोन वर्षांनी पाहावे.

यापुढच्या गोष्टी लहान आहेत, पण लहान म्हणूनच त्या सुटतात. स्विफ्टच्या चाकाला १०० मिलिमीटरच्या वर्तुळावर चार छिद्रे असतात आणि हबचा मधला उंचवटा ५४.१ मिलिमीटर व्यासाचा असतो. बाजारातली चाके अनेक गाड्यांना चालावीत म्हणून त्यांच्या मधले भोक मोठे ठेवतात. चार नट बसले म्हणजे चाक बसले असे वाटते, पण चाकाला मध्यावर धरण्याचे काम तो उंचवटा करतो. भोक मोठे असेल तर मधली फट भरणारी कडी, जिला दुकानात हब रिंग म्हणतात, बसवून घ्यावी; नाहीतर बॅलन्सिंग कितीही वेळा केले तरी महामार्गावर वेग वाढताच स्टिअरिंग थरथरते. पाच छिद्रांच्या पोलोसाठी हे माप ५७.१ आहे, आणि तिथे नटांऐवजी बोल्ट असतात, म्हणून मित्राच्या गाडीवरून उतरवलेली चाके आपल्या गाडीला चढवण्याचा बेत मापे पाहिल्याशिवाय करू नये. चाकाच्या पाठीवर ते किती किलो पेलते हेही कोरलेले असते, जे.डब्ल्यू.एल. ही जपानी मानकाची खूण असेल तर चांगले, पण नकली चाकांवर खुणाही नकली असू शकतात, म्हणून मी चाक उचलून आणि काट्यावर ठेवूनही पाहतो. स्वस्त ओतीव चाक जड असते, आणि ते जादा वजन स्प्रिंगांच्या खाली असल्यामुळे लहरी रस्त्यावर शॉकअपला जास्त राबवते.

टायरच्या भिंतीवर एका लंबगोलात चार आकडे असतात. २३२४ म्हणजे २०२४ च्या तेविसाव्या आठवड्यात बनलेला टायर. तालुक्याच्या दुकानात कमी खपाची मापे वर्षानुवर्षे छपरीच्या पत्र्याखाली पडून असतात आणि उन्हाने रबर कडक होते. सोळा इंची मापांच्या बाबतीत हे हमखास होते. आकडा वाचून मगच पैसे द्यावेत. नक्षीची खोली १.६ मिलिमीटरच्या खाली गेली की टायर कायद्यानेच बाद ठरतो, पण त्याच्या किती तरी आधी ओल्या रस्त्यावर तो निसटू लागलेला असतो.

कायद्याचा विषय निघालाच आहे तर तोही सांगतो. मोटार वाहन अधिनियम, १९८८ च्या कलम ५२ नुसार गाडीच्या मूळ रचनेत मनाप्रमाणे बदल करता येत नाहीत. सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये तेच ठामपणे सांगितले, आणि त्यानंतरच्या दुरुस्तीने मालकाला प्रत्येक बदलामागे पाच हजार रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही अशी तरतूद झाली. पुतण्याच्या स्प्रिंगा या तरतुदीच्या सावलीत आहेत, हे मी त्याला स्पष्ट सांगितले. चाकांच्या बाबतीत कंपनीने दिलेल्या व्यासाजवळ आणि मडगार्डाच्या आत राहावे, आणि विमा कंपनीला बदल आधीच कळवावा. न कळवलेल्या बदलावर दाव्याच्या वेळी जी पत्रापत्री होते ती कोणाच्या वाट्याला येऊ नये.

हवा आणि ऊन यांचे गणित आमच्याकडे वेगळेच असते. नागपूरने मे २०१३ मध्ये ४७.९ अंश सेल्सिअस पाहिले आहेत. टायरमधली हवा साडेपाच अंशांनी तापली की दाब सुमारे एक पी.एस.आय.ने वाढतो, पहाटे २८ अंशांत भरलेली हवा दुपारी ४५ अंशांत, गाडी जागची हललेली नसतानाही, तीन पी.एस.आय.ने चढते, आणि धावल्यावर आणखी. हे पाहून पंपावरची मुले हवा काढतात. तापलेल्या टायरमधली हवा काढायची नसते, कारण दरवाजाच्या चौकटीवर लिहिलेला दाब थंड टायरचा असतो आणि चढता दाब कंपनीने गृहीत धरलेलाच असतो. टायर फुटतो तो बहुधा कमी हवेने, कारण कमी हवेत भिंत सारखी दुमडत राहते आणि आतून तापते. आखूड भिंतीचा टायर कमी हवेत असला तरी डोळ्यांना भरलेलाच दिसतो. त्यासाठी स्वतःचा गेज डिकीत ठेवणे एवढाच उपाय आहे. नायट्रोजन भरण्याचा आग्रह धरणाऱ्यांना मी एवढेच म्हणतो, की साध्या हवेतही ७८ टक्के तोच असतो.

गाडी खाली घेतली की पुढची चाके वरच्या बाजूने किंचित आत झुकतात आणि त्यांचा टो, म्हणजे वरून पाहताना चाकांची तोंडे किती आत किंवा बाहेर वळली आहेत ते, हेही बदलते. त्यामुळे स्प्रिंगा बदलल्यावर, आणि चाके बदलल्यावर पुन्हा, अलाइनमेंट करावेच लागते. पुतण्याने स्प्रिंगांनंतर ते केले नव्हते. त्याचे जुने टायर उतरवून जमिनीवर आडवे ठेवले तेव्हा बाहेरची नक्षी जवळजवळ नव्यासारखी होती आणि आतल्या खांद्यावर, गाडी उभी असताना कोणाच्या नजरेस पडत नाही अशा ठिकाणी, रबर संपून तारा दिसू लागल्या होत्या. नक्षीवरून तळहात आडवा फिरवला तर एका दिशेने गुळगुळीत लागत होते आणि उलट दिशेने बोचत होते; टो बिघडल्याची ती खात्रीची खूण. टो दुकानात नीट करता येतो. झुकाव मात्र या वर्गातल्या बहुतेक गाड्यांत वेगळे बोल्ट बसवल्याशिवाय बदलत नाही, आणि मागच्या बाजूला तर एकच आडवा आस असल्याने तिथे फेरफार करण्यासारखे काहीच नसते.

शेवटी १९५/५५ आर १६ चे टायर आणि सहा इंच रुंदीची, मूळ ऑफसेटची चाके अमरावतीहून घेतली. नव्या चाकांचे नट निमुळत्या बैठकीचे आणि लांब आहेत, ते स्टेपनीच्या लोखंडी डिस्कला बसतीलच असे नाही, म्हणून मूळचे नट एका कापडी पिशवीत बांधून जॅकशेजारी ठेवायला लावले. स्टेपनीचा व्यास नव्या टायरइतकाच असल्यामुळे ती तशीच राहिली. पन्नास-शंभर किलोमीटर धावल्यावर नट पुन्हा पान्याने आवळायचे, तेही उड्या मारून न आवळता पुस्तकातल्या टॉर्कने, म्हणजे तिथे दिलेल्या पिळाच्या जोरानेच, हे त्याने केले. एका चाकाचे दोन नट खरेच थोडे फिरले. मागच्या बंप स्टॉपचा, म्हणजे स्प्रिंग पूर्ण दबली की ज्यावर टेकते त्या रबरी ठोकळ्याचा, निर्णय अजून राहिला आहे. भरल्या गाडीत शाळेपुढच्या ब्रेकरवर मागची बाजू अजूनही खाली टेकल्याचा आवाज येतो, आणि मला वाटते की मागच्या स्प्रिंगा निदान एक बोट उंच कराव्यात. पुतण्याला ते मान्य नाही. त्याच्या आईने मात्र लग्नाला जाताना त्या गाडीत मागे बसणार नाही असे आधीच जाहीर केले आहे, त्यामुळे तुळशीचे लग्न होऊन लग्नसराई सुरू होण्याआधी तो स्प्रिंगा घेऊन परत येईल असा माझा अंदाज आहे.